वाक्य टीव्हीवरचं, शब्द घरचे

टीव्हीवर कधीतरी ऐकलेलं एखादं विनोदी वाक्य कुठल्या कार्यक्रमातलं होतं हे शोधायचं असेल, तर आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. तुमच्या डोक्यात जे विनोदी वाक्य घोळतंय, ते टीव्हीवर त्याच शब्दांत बहुधा कुणी बोललेलंच नाही. शोध फसतो तो इथंच. माणूस आठवलेलं वाक्य जसंच्या तसं गूगलवर टाकतो, हाती काही लागत नाही, आणि "नेटवर नाहीच ते" म्हणून मोकळा होतो.

जॅकलिन सॅक्स या संशोधक बाईंनी १९६७ साली प्रयोग करून दाखवलं, की एखादं वाक्य ऐकल्यानंतर आणखी ८० अक्षरं, म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट बोलणं, कानावरून गेलं की त्या वाक्याची रचना बदलली तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. अर्थ बदलला तर मात्र लगेच कळतं. अर्ध्या मिनिटात ही गत, तर वीस वर्षांनी काय उरणार? अर्थ उरतो, हशा उरतो, एखादा अडनिडा शब्द उरतो. बाकीची जागा आपण आपल्या बोलीनं भरतो.

आणि आपली बोली भरायला भलतीच तयार असते. मुंबईच्या लेखकानं लिहिलेलं "काय करतोयस?" लातूर-नांदेडकडच्या डोक्यात "काय करायलास?" होऊन बसतं. "का?"चं "कामून?" होतं, "खूप"चं "लई" होतं, "मग"चं "मंग". मूळ पात्र सदाशिव पेठेतलं असलं तरी आठवणीत ते सेलूच्या मोंढ्यात उभं राहून बोलतं. म्हणून शोधायला बसण्याआधी उलटं भाषांतर करावं लागतं: वाक्यातले घरचे शब्द काढायचे, परके ठेवायचे.

नमुन्यासाठी एक वाक्य इथंच रचू, ते कुठल्याही कार्यक्रमातलं नाही: "पावती हाय ना? मंग म्हस कामून पाहिजे?" यातले "हाय", "मंग", "कामून" हे तिन्ही संशयित. ते सांगणाऱ्याचे असू शकतात. "पावती" आणि "म्हैस" मात्र टिकाऊ, कारण विनोद त्या दोघांच्या टकरीत आहे. त्यातला एक बदलला तर वाक्य मरतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी २०१२ साली सिनेमातली लक्षात राहणारी वाक्यं त्याच पात्रांच्या इतर वाक्यांशी ताडून पाहिली. लक्षात राहणाऱ्या वाक्यांत शब्द कमी वापरातले होते, पण वाक्याची बांधणी अगदी रोजची. आपल्या कामापुरता अर्थ असा, की रचनेच्या मागे लागू नये, न बसणारा शब्द धरावा.

गावांची नावं मात्र टिकाऊ समजू नका. गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या स्टेजवर, आर्केस्ट्राच्या मधल्या मिमिक्रीत टीव्हीवरचं वाक्य उचललं की पहिलं काय बदलत असेल तर गावाचं नाव. मूळ वाक्यात "सातारा" असेल तर जिंतूरमध्ये त्याचं "मंठा" होतं, कारण शेजारच्या गावाला हसण्यात जास्त मजा. त्यामुळं "त्यात परतूरचं नाव होतं, नक्की आठवतंय" हा पुरावा जवळजवळ निरुपयोगी.

उलट्या बाजूचाही एक घोटाळा आहे. टीव्हीवरची "गावरान" भाषा कुठल्याच एका गावाची नसते. थोडी कोल्हापूर-साताऱ्याची, थोडी वऱ्हाडी, वरून "लई भारी" भुरभुरलेलं. तेव्हा वाक्यात "बे" आहे म्हणून नागपूरचा नट आणि "व्हय" आहे म्हणून आपल्याकडचा, मराठवाड्यातला, असली गणितं मांडण्यात अर्थ नाही.

आता कागद घ्या. शोध सुरू करण्याआधी, कुणालाही विचारण्याआधी, जे आठवतं ते लिहून काढा. ही पायरी लोक हमखास गाळतात. कारण साधं आहे: एकदा तीन क्लिपा बघितल्या की मूळ आठवण आणि नव्यानं बघितलेलं यांची खिचडी होते आणि ती परत निवडता येत नाही. एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४चा प्रयोग यासाठीच सांगतात. गाड्यांच्या अपघाताचं तेच चित्रण दाखवून प्रश्नात फक्त क्रियापद बदललं, "धडकल्या"च्या जागी "आदळून चेचल्या" अशा धाटणीचं, तर लोकांनी गाड्यांचा वेग जास्त सांगितला. नुसत्या एका शब्दानं.

कागदावर वाक्यापेक्षा आजूबाजूचं जास्त लिहा. बोलणारा बाई की बाप्या. उभा की बसलेला. चेहरा आठवतो की नुसता आवाज? कपडे? मागं घर होतं, ऑफिस होतं, की रंगीत दिव्यांचा स्टेज? हसणारे लोक दिसत होते का नुसते ऐकू येत होते? वाक्याला उत्तर आलं होतं का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: तुम्ही ते कुठल्या घरात, कुठल्या टीव्हीवर बघत होता?

हा शेवटचा प्रश्न काळ ठरवायला लागतो. कुणाला मालिकेचं साल आठवत नाही, पण मराठवाड्यात काळ मोजायला दुसऱ्या खुणा आहेत. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. विद्यापीठाचा नामविस्तार, १४ जानेवारी १९९४. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते २०१६. "हे भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचारलं तर घरातली म्हातारी माणसं साल विचारल्यापेक्षा कितीतरी खात्रीनं उत्तर देतात.

या खुणा वाहिन्यांच्या तारखांशी जुळवायच्या. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, ऐन दुष्काळात. झी टीव्ही ऑक्टोबर १९९२मध्ये, तोही फक्त केबल असलेल्यांना. मराठीतली खासगी वाहिनी म्हणजे अल्फा मराठी, १५ ऑगस्ट १९९९. ई टीव्ही मराठी २०००. सोनी मराठी तर २०१८. म्हणजे वाक्य भूकंपाआधीचं आणि टीव्ही अँटेनावर चालणारा असेल, तर दूरदर्शन किंवा भाड्यानं आणलेला व्हीसीआर, तिसरा पर्याय नाही. केबल न पोचलेल्या गावात दूरदर्शनची, महिन्याचं भाडं नसलेली डिश मिळू लागली ती डिसेंबर २००४ नंतर. एका प्रश्नात निम्म्या वाहिन्या बाद होतात, आणि बाद करणं हेच या कामातलं खरं शोधणं.

क्लिप हाती लागली असेल तर कोपऱ्यातला लोगो बघा. अल्फाचा लोगो असेल तर ते प्रक्षेपण मार्च २००५ च्या आधीचं, कारण तेव्हा वाहिनी झी मराठी झाली. ई टीव्हीचा असेल तर मार्च २०१५ च्या आधीचं, त्यानंतर ती कलर्स मराठी झाली. पण एक लक्षात ठेवा: जुना लोगो खरं बोलतो, नवा लोगो फसवू शकतो. पुनःप्रक्षेपणावर नवाच लोगो येतो, आणि यूट्यूबवर चढवल्याची तारीख तर कार्यक्रमाच्या तारखेबद्दल काहीच सांगत नाही. चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी आहे की रुंद, हेही बघावं. मात्र चौकोनी चित्र ताणून रुंद केलेल्या क्लिपा भरपूर आहेत. माणसं बुटकी आणि गालफुगी दिसली की समजावं.

यानंतर माध्यमाचा संशय घ्यायचा. "टीव्हीवरच होतं" असं दहापैकी दहा जण सांगतात, पण त्यातलं बरंच कॅसेटवरचं निघतं. चेहरा आठवत नाही, आवाज मात्र लख्ख आठवतो, मागं खरा प्रेक्षक हसतोय आणि मधूनच कुणी खोकतंय, असं असेल तर ते कथाकथन किंवा एकपात्री प्रयोगाचं ध्वनिमुद्रण असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे या खात्यात पहिला संशय औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'वर घ्यावा. एकाच माणसानं ५२ पात्रं उभी केलेली, भाषा मराठवाड्याची. त्यातली वाक्यं इतक्या तोंडांतून फिरली आहेत, की ती कोणत्या तरी मालिकेतल्या सासऱ्याची आहेत असं सांगणारे भेटतात.

सिनेमाचंही तेच. 'अशी ही बनवाबनवी' १९८८चा सिनेमा, पण टीव्हीवर इतक्या वेळा लागला, की "धनंजय माने इथेच राहतात का?" हे वाक्य कुणाला मालिकेतलं वाटलं तर त्याला हसू नये. त्यानं ते टीव्हीवरच ऐकलेलं असतं.

भाषेचा संशय घ्यायला लोक सगळ्यात जास्त विसरतात. वाक्य मराठीत आठवतं म्हणून कार्यक्रम मराठी, असं नाही. 'तू तू मैं मैं' ही १९९४ची हिंदी मालिका. सासू रिमा लागू, सून सुप्रिया पिळगावकर, दिग्दर्शक सचिन. 'हम पाँच' १९९५ची, त्यात बाप अशोक सराफ. चेहरे मराठी असले की डोकं संवाद आपोआप मराठीत साठवतं. मराठीत दोन दिवस शोधून काही मिळालं नाही तर वाक्य हिंदीत करून बघा, पंधरा मिनिटांत सुटण्याचा संभव असतो. हिंदीत केल्यावर विनोद जास्त चपखल बसला, एखादा यमक जुळला, तर ती पक्की खूण.

नांदेड, उदगीर, देगलूर, परभणीकडे आणखी एक दार उघडं असतं: दखनी. वाक्यात "नक्को", "हौ", "कैकू" असेल तर मराठी मालिका बाजूला ठेवा आणि हैदराबादकडे वळा. २००५ च्या 'द अंग्रेज' या हैदराबादी सिनेमातले संवाद तर असे तुकड्यातुकड्यांनी फिरले, की कितीकांना ते टीव्हीवरच्या कॉमेडी शोमधले वाटतात. सीमेवरच्या तालुक्यांत तेलुगू आणि कन्नड वाहिन्याही बघितल्या जातात. तिथला विनोदी नट चेहऱ्यानं आठवत असेल आणि वाक्य मराठीत, तर ते घरातल्या कुणीतरी केलेलं भाषांतर असू शकतं.

आणि वाक्य सापडलं तरी ते तिथं पहिल्यांदाच बोललं गेलं असं समजू नये. 'जबान संभालके' १९९३ची, पण तिचा साचा १९७७ साली सुरू झालेल्या 'माइंड युवर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेचा. "मी कुठं ऐकलं" आणि "आधी कुठं आलं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं तर बहुतेकांचं समाधान होतं, आणि त्यात गैर काही नाही.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं ते. पूर्ण वाक्य टाकू नका. टिकाऊ दोन शब्द, अधिक प्रकार: "म्हैस पावती कॉमेडी", "म्हैस पावती स्किट", "म्हैस पावती मालिका". पहिल्या फेरीत तुमच्यावर पुलंची 'म्हैस' धावून येणार, हे नक्की. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावलं, मध्ये जागा न सोडता, तर ते निकाल बरेच गळतात: म्हैस पावती -पुलं -कथाकथन. अवतरणचिन्हं लावून नेमकं वाक्य शोधायची घाई नको. अवतरणचिन्हांत अक्षरन् अक्षर जुळावं लागतं आणि मराठी लिहिणारे "इथेच", "इथंच", "इथच", "हितंच" असं चारही प्रकारे लिहितात. अवतरण लावायचंच तर एका शब्दाला लावा, आणि प्रत्येक रूप वेगळं टाकून बघा.

देवनागरीत दोन छुपे खड्डे आहेत. "वऱ्हाड" मधला अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण पानावर कंट्रोल-एफ करून शोधलं तर एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. "ॲक्टर" मधल्या ॲचं तसंच: एक जोडून आलेलं अक्षर, दुसरं अ वर चंद्र दिलेला. शब्दात यातलं काही असेल तर तो तुकडा गाळून उरलेला शब्द शोधा. नाहीतर दुसऱ्या कीबोर्डवरून टंकून बघा. (वऱ्हाड शोधताना विदर्भ अंगावर येतो तो वेगळाच ताप. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधलं वऱ्हाड लग्नाचं आहे, अमरावतीचं नाही.)

रोमन लिपीतही एक फेरी मारावीच लागते, कारण यूट्यूबवरची निम्मी शीर्षकं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत टंकलेली असतात. "झालं" हे जे-एचनं, नुसत्या झेडनं किंवा झेड-एचनं लिहितात. "आहे" एका ए नं किंवा दोन ए नं. तीन-चार रूपं टाकून बघायला पाच मिनिटं पुरतात.

यूट्यूबवर शोधताना हे ध्यानात असू द्या, की शीर्षकात ते वाक्य नसतं. 'फू बाई फू', 'चला हवा येऊ द्या', 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांच्या क्लिपांना शीर्षक देणारा माणूस प्रसंग लिहितो: जावई, तलाठी, सोसायटीची मीटिंग. म्हणून वाक्य सोडून प्रसंग शोधा. म्हैस-पावतीचं वाक्य असेल तर "बाजार", "पोलीस स्टेशन", "बँक लोन", "सरकारी ऑफिस" हे शब्द. प्रसंगाचं स्किट सापडलं, पण तासाभराचा भाग असला, तर पूर्ण बघत बसू नका. बऱ्याच बघितल्या गेलेल्या व्हिडिओंत खालच्या पट्टीवर बोट ठेवलं की एक उंचवटेदार आलेख दिसतो. लोकांनी जो भाग परत परत बघितला तिथं उंचवटा असतो. विनोदी भागात उंचवटा म्हणजे टाळीचं वाक्य. तीन-चार उंचवटे बघितले की झालं. व्हिडिओच्या वर्णनात ट्रान्सक्रिप्ट उघडण्याची सोय दिसत असेल तर संगणकावर ती उघडून कंट्रोल-एफनं टिकाऊ शब्द शोधा. यंत्रानं ऐकून लिहिलेलं असतं, म्हणून "म्हस" वर भरवसा नको. "पावती", "बिल", "कागद" हे सगळे टाका. आणि प्रतिक्रिया वाचा. तिथं कुणीतरी मिनिट-सेकंदासकट ते वाक्य लिहून ठेवलेलं असण्याची शक्यता शीर्षकापेक्षा जास्त.

दूरदर्शनच्या काळातलं असेल तर सह्याद्री वाहिनीचं आणि प्रसार भारतीच्या संग्रहाचं यूट्यूब चॅनेल बघावं. मात्र आशा बेताची ठेवा. त्या काळी टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. 'चिमणराव गुंड्याभाऊ' मधले प्रभावळकर आणि बाळ कर्वे लोकांना तोंडपाठ आठवतात म्हणून सगळे भाग कुठंतरी आहेत असं धरून चालू नये. अशा वेळी मूळ लेखन बघायचं. ती मालिका चिं. वि. जोशींच्या कथांवरची, आणि पुस्तकं ग्रंथालयात मिळतात. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'ही प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' वरून आलेली. पुस्तकातलं वाक्य मालिकेत जसंच्या तसं आलं असेल असं नाही, पण प्रसंग जुळला तर कार्यक्रम ठरतो.

मालिकेचं नावच आठवत नसेल आणि साल अंदाजे ठरलं असेल, तर जुन्या वर्तमानपत्रांत रोजचे टीव्ही कार्यक्रम छापलेले असत. लोकमतची औरंगाबाद आवृत्ती १९८२ पासूनची. मोठ्या ग्रंथालयात बांधलेल्या फायली असतात. महिना आणि वार सांगितला तर काढून देतात, नुसतं "नव्वदच्या आसपास" म्हटलं तर कपाळाला हात लावतात. वार आठवणं अवघड नाही, शनिवार-रविवारचा सिनेमा कार्यक्रमाच्या आधी होता की नंतर, एवढ्यावरून ठरतो. इंटरनेटवर या पानांचा मजकूर शोधता येत नाही. स्कॅन म्हणजे नुसतं चित्र असतं, आणि युनिकोडच्या आधीचं टंकन श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असल्यानं शोधयंत्राला त्यात मराठी दिसत नाही, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

माणसांना विचारताना जीभ आवरावी. "त्यात अशोक सराफ होते ना हो, काका?" असं विचारलं की काका म्हणणार, "होते की!" आपल्याकडं समोरच्याला नाही म्हणणं जड जातं आणि नंतर ते "होते की" काकांनाही खरं वाटायला लागतं. "म्हशीच्या पावतीवरचा एक विनोद टीव्हीवर होता, तुम्हाला काही आठवतंय का?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. दोघांना विचारायचं तर वेगवेगळं. एकाच ओट्यावर बसलेल्या चौघांचं एकमत म्हणजे एकाचीच आठवण चार वेळा.

कुणालाच वाक्याचा शेवट आठवत नसेल तर वेगळं कारण तपासा: लोडशेडिंग. २००५ नंतरची काही वर्षं आपल्याकडं संध्याकाळची वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. प्रसंग आठवतो, प्रश्न आठवतो, उत्तर आठवत नाही, आणि ते गल्लीत कुणालाच आठवत नाही, तर ते कुणी बघितलंच नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी दुसऱ्या फीडरवरच्या गावातला माणूस गाठावा. आठवड्याचं वेळापत्रक वेगळं असायचं, तिकडं लाईट असेल.

हल्ली लोक चॅटबॉटला विचारतात. विचारा, पण तो मालिका, भाग क्रमांक, नट असं सगळं ठणकावून सांगेल तेव्हा क्लिप बघितल्याशिवाय एक अक्षर खरं धरू नका. त्याला "माहीत नाही" म्हणायला आपल्या काकांइतकंच जड जातं. त्याचा उपयोग वेगळ्या कामाला बरा: वाक्याची दहा रूपं करून घ्यायला, हिंदीत करून घ्यायला, प्रसंगाचे शब्द सुचवून घ्यायला. व्हॉट्सॲपवरचं मीमही पुरावा नव्हे. चित्र एका मालिकेचं आणि वाक्य दुसरीचं, हा मीमचा धर्मच आहे. चित्रावर उलटा शोध घेतला तर नट कळतो, वाक्य नाही.

पुरावा म्हणजे वाक्य कानानं ऐकणं. ऐकल्यावर तेच शब्द लिहून घ्या, तुमच्या आवृत्तीशेजारी. दोन्हीत एकही टिकाऊ शब्द सारखा नसेल तर बहुधा चुकीचं स्किट सापडलंय. म्हैस-पावतीचे विनोद एकापेक्षा जास्त लोकांनी केलेले असतात. शब्द जुळले, आणि कागदावर आधी लिहिलेल्यांपैकी दोन गोष्टी, कपडे, जागा, कोण उभं होतं, याही जुळल्या, तर शोध संपला. मग वाहिनी, कार्यक्रम, भागाचं शीर्षक, नट आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवा. नुसती लिंक ठेवू नका. वाहिन्या ॲप बदलतात, जुन्या क्लिपा उडतात, आणि दोन वर्षांनी तोच प्रश्न कुणीतरी परत विचारतो.